लॅम्ब्रेटा, विजय सुपरची चेन वाजतेय? कव्हर उघडण्याआधी हे बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लॅम्ब्रेटा, लॅम्बी आणि विजय सुपर या जुन्या स्कूटर अजून रस्त्यावर आहेत. कुणाची आजोबांची आहे, कुणी हौसेने घेतली आहे. यातली कुठलीही गाडी दारात आली की तक्रार बहुतेक एकच असते: "मेस्त्री, चेन मारालीय ओ, नवीन घाला." नवीन चेन घालायला माझी हरकत नाही. पण चेन ही या इंजिनात सहसा शेवटी मरणारी वस्तू आहे. तिच्या आधी मरतं ऑइल, मग चेनला दाबून धरणारी टेन्शनरची पट्टी, मग पुढचा छोटा स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक. ते न बघता नुसती चेन बदलली तर आवाज थोडे दिवस जातो आणि पुन्हा येतो. गाडीमालकाला वाटतं, चेनच डुप्लिकेट निघाली.

चेतक किंवा व्हेस्पा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्या इंजिनात क्रँकपासून (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) क्लचपर्यंत दातेरी चक्रं आहेत, चेन नाहीच. लॅम्ब्रेटाच्या घराण्यात मात्र क्रँकवरचा छोटा स्प्रॉकेट आणि मागे क्लचवरचा मोठा स्प्रॉकेट यांच्यामध्ये दुहेरी चेन फिरते, तीही बंद कव्हरमध्ये, गिअरच्याच ऑइलमध्ये बुडून. इटलीत इनोचेंतीने १९७१ साली लॅम्ब्रेटा बंद केली. ती बनवायची यंत्रं भारत सरकारने घेतली, १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली आणि विजय सुपर तिथून निघाली. मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीची लॅम्ब्रेटा आणि लॅम्बी त्याच रक्ताची. खाली जे सांगतोय ते या सगळ्यांना लागू आहे.

लक्षणं

गाडी स्टँडवर, इंजिन गरम, स्लोवर चालू. किकच्या बाजूने कोरडी खडखड येते. थोडी रेस दिली की ती कमी होते किंवा जाते. रेस सोडली की क्षणभर जोरात येऊन पुन्हा स्थिरावते. चेन ढिली असल्याची ही सगळ्यात नेहमीची खूण. रेस दिल्यावर चेन ओढली जाते, ताणात असते, म्हणून गप्प बसते. रेस सोडली की ताण जातो आणि ती पट्टीवर, कधी थेट कव्हरवर आपटते.

घाट उतरताना हे जास्त कळतं. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याने खाली उतरताना, नाहीतर संकेश्वरहून निपाणीला जाताना तवंदी घाटात, थ्रॉटल बंद करून तिसऱ्या गिअरवर गाडी सोडा. आता चाक इंजिनाला ढकलतंय. चेनची एरवी ताठ असणारी बाजू सैल पडते आणि सैल बाजू ताठ होते. पट्टी झिजलेली असेल तर त्या उताराला पायाखाली सलग टरटर ऐकू येते, फूटबोर्डालाही जाणवते.

बाकीच्या खुणा अशा. पहिल्या गिअरवर निघताना झटका बसतो, विशेषतः मागे दुधाचे कॅन किंवा दुसरा माणूस असला की. काढलेल्या ऑइलमध्ये चमकी दिसते. आणि एक उलटी खूण: खडखड अजिबात नाही, पण वेग वाढला की बारीक शिट्टीसारखा घूं आवाज चढत जातो. ही चेन ढिली नाही, कुणीतरी नको इतकी ताणून ठेवली आहे. ढिल्या चेनपेक्षा मला या दुसऱ्या प्रकाराची धास्ती जास्त. का ते पुढे येईल.

पहिली तपासणी: आवाज खरंच चेनचा आहे का (खर्च शून्य)

इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच लिव्हर पूर्ण दाबा. आवाज गेला किंवा एकदम बदलला तर दोष क्लचकडे आहे: प्लेटा, त्यांच्या खाचा, क्लचचा बुश (आतली पितळी नळी). आवाज जसाच्या तसा राहिला तर चेनवर संशय घ्यायला जागा आहे. कारण सरळ आहे. मागचा मोठा स्प्रॉकेट क्लचच्या बाहेरच्या घराचाच भाग आहे. क्लच दाबला काय, सोडला काय, इंजिन चालू आहे तोवर चेन फिरतच राहते. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तर निम्मा गोंधळ इथेच संपतो. प्लेटांची खडखड चेनची समजून कव्हर उघडलेल्या गाड्या खूप येतात.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक कव्हरवर, मूठ कानाच्या मागच्या हाडावर. चेन कव्हरच्या पुढच्या टोकाला, मधे आणि मागे असं तीन ठिकाणी ऐका. मधे जास्त आला तर चेन आणि पट्टी. पुढे जास्त आला तर पुढचा स्प्रॉकेट किंवा क्रँकचं बेरिंग. मागे जास्त आला तर क्लच किंवा गिअर. बाही सैल असेल तर वर दुमडा, स्कार्फ काढून ठेवा. पलीकडच्या बाजूला फ्लायव्हील फिरत असतं.

त्याच ओघात सायलेन्सरचा क्लॅम्प, फ्लायव्हीलच्या झाकणाचे स्क्रू, साइड पॅनेलची रबरं आणि इंजिनच्या माउंटिंगची रबरं हाताने हलवून बघा. आपल्याकडचे रस्ते बघता यातलं काही ना काही सुटलेलं असतंच. पत्र्याची टरटर आणि चेनची टरटर लांबून सारखीच लागते.

दुसरी तपासणी: ऑइल (एका बाटलीचा खर्च)

या इंजिनात गिअर, क्लच आणि चेन तिघांना मिळून एकच ऑइल, सुमारे ७०० मिली. एसएई ९० चालतं. बाटलीवर जीएल-४ लिहिलेलं बघून घ्या, आत पितळी भाग आहेत आणि क्लचही त्याच ऑइलात भिजतो.

लेव्हलचा बोल्ट काढून बघता येतं, पण गाडी किती सरळ उभी आहे यावर ते अवलंबून असतं. माझा आग्रह असा की शंका आहेच तर दहा मिनिटं गाडी चालवून ऑइल गरम करा आणि सगळं खाली काढा. बाहेर आलेलं ऑइल दुधाच्या मापट्यात किंवा खुणा असलेल्या बाटलीत मोजा. ७०० घातलेलं असताना ४०० आलं तर चेन कोरडी फिरत होती, आणि बाकीचं कुठे गेलं हा पुढचा प्रश्न आहे.

ते दोन ठिकाणी जातं. एक, गॅसकेटातून किंवा मागच्या चाकाच्या हबमधून बाहेर. हे दिसतं, गाडी उभी राहते तिथे डाग पडतो. दुसरं दिसत नाही: पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे क्रँकचं ऑइल सील असतं. ते गेलं की इंजिन गिअरचं ऑइल आत ओढून जाळतं. गाडी पांढरट दाट धूर सोडते, प्लग ओला राहतो, खाली एक थेंब नाही आणि ऑइल मात्र कमी. हेच सील उलटंही गळतं. म्हणजे पेट्रोल-ऑइलचं मिश्रण चेनच्या बाजूला येतं. मग काढलेलं माप ७०० पेक्षा जास्त भरतं, ऑइल पातळ लागतं आणि हुंगलं तर पेट्रोलचा वास येतो. अशा पातळ ऑइलमध्ये नवीन चेनही टिकत नाही. सील बदलल्याशिवाय चेनला हात लावू नका.

ऑइल चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. तिकडचा पाऊस सांगायला नको. गाडी तशीच महिनाभर उभी राहिली की चेनच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडतात, आणि ते खड्डे पट्टीला कानशीसारखे खातात. दुधाळ ऑइल एकदा काढून भागत नाही. स्वस्तातलं ऑइल घाला, पाच-सात किलोमीटर फिरवा, तेही काढा, मग चांगलं घाला.

तिसरी तपासणी: ऑइलातला गाळ वाचा

ही तपासणी लोक सोडून देतात आणि मला सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. काढलेलं ऑइल जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळा. फडकं उन्हात धरा. बोटाने चोळा. मग लाउडस्पीकरचं एखादं जुनं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवा.

चुंबकाला चिकटणारी राखाडी पेस्ट, बोटाला मऊ, कण जाणवत नाहीत: ही नेहमीची झीज. काळजी नाही.

चुंबकाला चिकटणारे टोकदार कण, नखाला टोचतील असे: दात किंवा रोलर तुटायला लागलेत. कव्हर उघडायचं.

चुंबकाला न चिकटणारी पांढुरकी चमकदार किसणी: हे अॅल्युमिनियम. म्हणजे चेन कव्हरची भिंत खातेय. हे दिसलं की त्या गाडीला किक मारू नका. भिंत पातळ झाली की एखाद्या दगडाने नाहीतर गरम-थंड होऊन तिला चीर जाते, आणि ते केसिंग (इंजिनाचं अॅल्युमिनियमचं घर) मिळवणं चेनसारखं सोपं नाही.

काळे किंवा तपकिरी मऊ तुकडे: टेन्शनरच्या पट्टीवरचं रबर किंवा प्लास्टिक. पट्टी गेली. चेन कदाचित ठणठणीत असेल.

पिवळे कण: बुश किंवा गिअरबॉक्समधलं वायसर (वॉशर). हा दोष चेनचा नाही, आणि घरी सोडवायचाही नाही.

फडक्यावर काहीच नाही, माप बरोबर, रंग बरोबर, तर ताजं ऑइल घालून पन्नासेक किलोमीटर चालवा. बऱ्याच गाड्यांचा आवाज इथेच इतका कमी होतो की पुढे जायची गरज पडत नाही.

चौथी तपासणी: कव्हर उघडून पट्टी बघणं

आता हात काळे होणार. लागेल ते: ११ नंबरचा बॉक्स पाना, नवीन गॅसकेट, पट्टीच्या बोल्टांचे नवे लॉक वायसर, रॉकेल, चिंध्या. कव्हरचे नट ७ मिमी आट्यांचे आहेत. १० नंबर बसतच नाही, आणि १२ नंबर घुसवून फिरवला की नटाचे कोपरे गेले. सगळे नट आधी अर्धा फेरा सैल करा, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे अशा क्रमाने, मग काढा. एकाच बाजूने सोडत आलात तर कव्हर वाकतं.

क्लचची वायर सोडवा. किकची स्प्रिंग ताणाखाली असते, म्हणून कव्हर सरळ, हळू ओढा आणि फटीत बोटं घालू नका. चिकटून बसलं असेल तर लाकडी ठोकळा ठेवून कडेला हलक्या टपल्या मारा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तिथे एक चरा पडला की ती गाडी जन्मभर ऑइल गाळते, मग वर किती का सोल्युशन फासा.

कव्हर निघालं की आधी काहीच पुसू नका. फक्त बघा. कव्हरच्या आतल्या बाजूला आणि केसिंगच्या भिंतीवर चेनच्या रुंदीचा चकचकीत ओरखडा आहे का? असेल तर चेन तिथे घासते आहे. ओरखड्यावरून बोट फिरवा. नख अडकत नसेल तर नुकतंच सुरू झालंय. खाच लागत असेल तर तिची खोली कुणातरी जाणत्याला दाखवा.

आता पट्ट्या. चेनच्या वर एक, खाली एक. लोखंडी पाटी आणि तिच्यावर रबर किंवा प्लास्टिकचा थर. दोघींपैकी जिच्या बोल्टांची भोकं लांबट आहेत ती सरकवायची, दुसरी जागच्या जागी राहते. बघायच्या तीन गोष्टी:

थरावर चेनचे दोन समांतर चर पडलेले असतात. थोडे असायचेच. चर इतका खोल असेल की तळाला लोखंड दिसतंय किंवा दिसायला आलंय, तर पट्टी बदला.

थर आणि पाटी यांच्या फटीत नख घालून बघा. हल्ली मिळणाऱ्या नव्या पट्ट्यांत थर पाटीवरून सुटण्याचा दोष फार आहे. वरून चर अजिबात नाहीत, पट्टी नवीकोरी दिसते, आणि एका टोकाला नखाने उचललं की सगळा थर पापडासारखा निघून येतो. तो गाडी चालू असताना सुटला तर चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे जातो. म्हणून नवीन पट्टी विकत घेतानाच दुकानात उभं राहून कडा वाकवून बघा. गरम ऑइलात रात्रभर बुडवून ठेवायची आणि सकाळी पुन्हा नख लावून बघायची, ही माझी सवय. त्यातून जी टिकते तीच बसवतो.

आणि पट्टीचे बोल्ट. ते सैल असतील तर बाकी काही चांगलं असून उपयोग नाही, आवाज येणारच. लॉक वायसरचा कान बोल्टाच्या चपट्या बाजूवर नीट दुमडलेला हवा. एकदा दुमडलेला कान सरळ करून परत दुमडला की तो तुटायला आलेला असतो. दोन रुपयांच्या वायसरपायी सुटलेला बोल्ट चेनमध्ये गेला की केसिंग फुटतं. नवीनच घाला.

चेनचा झोल (सैलपणा) किती असावा

प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. फ्लायव्हील हळूहळू फिरवत चेन मधोमध बोटाने वरखाली हलवून बघत जा. वापरलेली चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ती कडक लागते, दुसरीकडे सैल. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा स्प्रॉकेट १५-१६ दातांचा आणि चेन ८०च्या आसपास कड्यांची असते. चेनची एक पूर्ण फेरी व्हायला इंजिनाचे निदान पाच फेरे लागतात. एकदोन फेऱ्यांत बघून "ढिली आहे" म्हणणाऱ्याला चेनचा थोडाच भाग दिसलेला असतो.

सगळ्यात कडक जागा शोधा, तिथे खडूने खूण करा आणि त्या जागी पट्टी अशी बसवा की चेन दोन-तीन मिमी वरखाली हलली पाहिजे. सैल जागी ती आणखी हलेल, हलू द्या.

इथेच हट्ट करून सांगतो: आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून पट्टी दाबून बसवू नका. केसिंग अॅल्युमिनियमचं, चेन लोखंडाची. गरम झाल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे इंजिन तापलं की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर चेनपेक्षा जास्त वाढतं आणि थंडपणी ठीक वाटलेली चेन गरमपणी तारेसारखी ताणते. तो ताण कुणावर येतो? क्रँकच्या चेनकडच्या बेरिंगवर आणि क्लचच्या बुशवर. पट्टीचा खर्च वाचवायला गेलात तर क्रँकच्या कामाचं बिल येतं. सुरुवातीला म्हटलं तो शिट्टीचा आवाज म्हणजे हे बेरिंग मरतंय त्याची सूचना. थोडी कुजबुजणारी चेन चांगली, गप्प बसवलेली चेन वाईट.

पट्टी पूर्ण सरकवूनही झोल जात नसेल, किंवा मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने उचलली की खाली अर्धा दात उघडा पडत असेल, तर मात्र चेन संपली.

चेन आणि स्प्रॉकेट

इथून पुढे घरच्या घरी करण्यावर मर्यादा येते. या चेनला सायकलसारखी जोडकडी नसते, ती अखंड असते. ती काढायची म्हणजे पुढचा स्प्रॉकेट आणि मागचा क्लच दोन्ही एकदम बाहेर. क्लच दाबायचं हत्यार लागतं, पुढचा बोल्ट सोडताना क्रँक धरून ठेवायचं हत्यार लागतं. हत्यारं नसतील तर थांबा. छन्नी-हातोड्याने तो बोल्ट सोडणारे आहेत. क्रँकच्या टोकावर बसलेला एक घाव क्रँक तिरका करायला पुरतो.

हत्यारं असतील आणि चेन बाहेर आली, तर जुनी आणि नवी दोन्ही एकाच खिळ्याला लटकवा. दोघींच्या कड्या मोजून सारख्या आहेत याची खात्री करा. ८० कड्यांची चेन लटकवली की खालपर्यंतची उंची सुमारे ३८ सेंमी भरते. जुनी नवीपेक्षा चारेक मिमी खाली लोंबत असेल तर ती एक टक्का लांबली आहे. या इंजिनात स्प्रॉकेट मागेपुढे सरकवायची सोय नाही. सगळा फरक त्या एका पट्टीने भरून काढायचा असतो, म्हणून एवढ्यावरच मी चेन बदलतो. मोटरसायकलच्या उघड्या चेनचा हिशेब इथे लावू नका.

जुनी चेन आडवी धरून दोन्ही हातांत ताणा आणि बाजूला किती वाकते ते बघा. नवी जवळजवळ ताठ राहते. जुनी आडवी झुकत असेल तर कड्यांच्या पिना झिजल्यात.

स्प्रॉकेटमध्ये आधी पुढचा बघा. मागचा ४६ दातांचा, पुढचा १५चा. मागचा एकदा फिरतो तेवढ्यात पुढचा तीनदा. झीजही त्याच प्रमाणात. दात एका अंगाला कलून आकड्यासारखे झाले असतील तर त्यावर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. दातांच्या बाजूला, एकाच अंगाला घासल्याची चमक असेल तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. लोखंडी फूटपट्टी दोन्ही स्प्रॉकेटांच्या तोंडाला टेकवून बघा. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे शिम (पातळ चकत्या) असतात, त्यांनी ही रेषा जुळवतात. आधीच्या कुणी दुरुस्ती करताना शिम विसरलेला किंवा जास्तीचा घातलेला, हे फार वेळा निघतं. अशा गाडीत चेन-पट्टी कितीही वेळा बदला, सहा महिन्यांत पुन्हा तोच आवाज.

पुढच्या स्प्रॉकेटसोबत एक जाड स्प्रिंग असते, झटका गिळायला. स्प्रॉकेट हाताने पिळून बघा. तो हातात खुळखुळला नाही पाहिजे. खुळखुळत असेल तर मधला बोल्ट सैल आहे किंवा स्प्रिंग बसली आहे. निघताना बसणारा झटका बऱ्याचदा इथला असतो.

थांबायचं कुठे

पुढचा स्प्रॉकेट आणि चेन काढल्यावर क्रँकचं टोक दोन बोटांत धरा आणि वरखाली हलवा. हाताला जाणवेल एवढा खेळ असला तरी काम बंद. हे बेरिंग आहे. ते बदलायला इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलावं लागतं, केसिंग गरम करून बेरिंग बसवावं लागतं. लॅम्ब्रेटाचं काम केलेल्या मेस्त्रीलाच द्या. चेतकचा हात कितीही चांगला असला तरी हे इंजिन वेगळं आहे.

आणखी कुठे थांबायचं: केसिंगच्या भिंतीत खोल खाच किंवा चीर आहे. स्टडचे (केसिंगमध्ये रोवलेल्या, नट बसतो त्या दांड्याचे) आटे गेलेत. ऑइल सील बदलायचं आहे. ऑइलात पिवळे कण आहेत. पुढचा बोल्ट हत्याराने सुटत नाही. आटे आणि चिरांसाठी बेळगावच्या उद्यमबागेत अॅल्युमिनियमचं वेल्डिंग आणि लेथची चांगली कामं होतात, पण केसिंग पूर्ण मोकळं करून द्या. बेरिंग आत असताना वेल्डिंग केलं की बेरिंगची जागा वाकडी होते. मेस्त्रीकडे नेताना गाळलेल्या ऑइलाचं फडकं आणि जुनी पट्टी सोबत न्या, त्याचा अर्धा तास वाचतो.

रस्त्यात खाडकन आवाज होऊन इंजिन अडलं तर सगळ्यात आधी क्लच दाबा आणि दाबून धरा. चेन क्लचच्या इंजिनाकडच्या बाजूला आहे, त्यामुळे क्लच दाबला की चाक मोकळं होऊ शकतं आणि गाडी कडेला घेता येते. त्यानंतर "बघू चालते का" म्हणून किक मारू नका, ढकलूनही चालू करू नका. तुटलेला तुकडा आत असेल तर तो पहिल्याच फेऱ्यात केसिंग फोडतो. टेम्पो बोलवा.

परत बसवल्यावर

कव्हर लावण्याआधी फ्लायव्हील हाताने पुन्हा दहाएक फेरे फिरवा आणि चेन कुठे अडते, घासते का ते ऐका. गॅसकेट कोरडी, दोन्ही कडा रॉकेलने स्वच्छ. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, हाताला बेताचा जोर लावून आवळा. ७ मिमीचा स्टड आहे, लांब पान्याने ओढला की आटे घेऊन बाहेर येतो. किक चार वेळा हाताने दाबून परत येते का बघा, क्लचच्या वायरला थोडी ढिलाई ठेवा, आणि ऑइल घालायला विसरू नका. ७०० मिली, मापूनच.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जड ओझं नको, आणि घाट उतरताना इंजिनावर सगळा भार टाकू नका, ब्रेक वापरा. नवी चेन या काळात थोडी सैल होतेच, तिच्या कड्या बसतात. त्यानंतर ऑइल गरम असताना काढा, पुन्हा पांढऱ्या फडक्यातून गाळा. राखाडी पेस्ट असेल तर उत्तम. अॅल्युमिनियमची चमक दिसली तर कव्हर परत उघडून पट्टी एकदा जुळवून घ्या.